मोरीच्या पाण्यावरची पोफळ

शोभेसाठी झाड लावतात हे आईला जबलपूरला येईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि आल्यावरही बरीच वर्षं ते तिला पटलं नव्हतं. ती रत्नागिरीकडची. तिच्या माहेरी घरामागे आगर होतं आणि त्यातलं प्रत्येक झाड कशासाठी तरी उभं असे: नारळासाठी, सुपारीसाठी, झावळ्यांसाठी, निदान शेजारच्या झाडाला सावली द्यायला. लग्न होऊन ती आली ती थेट रांझीच्या बाजूला, लष्करी सामानाच्या कारखान्याच्या क्वार्टरांत. वडील तिथं टर्नर होते. आमचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत कधीतरी कुणी पूर्वज नर्मदेकाठी आले आणि परत गेले नाहीत, एवढंच आम्हाला माहीत होतं.

घरात आई-वडील, मी, आणि आत्या. आत्या वडिलांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली आणि आमच्याकडे राहायला आली. जबलपूरबाहेर ती फारशी गेली नव्हती. तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी असे आणि उरलेली मराठी नागपुरी वळणाची. आई तिला वन्सं म्हणायची, ती आईला वहिनी. सुरुवातीला एकमेकींचं बोलणं कळावं म्हणून दोघी जरा हळू बोलत, आणि त्यामुळं त्यांच्यात भांडण कधी रंगलंच नाही, असं वडील म्हणत.

चीनची लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात कारखान्याचं वेळापत्रक बदललं. भोंगा अवेळी व्हायला लागला. वडील अंधार असताना जात आणि अंधार पडल्यावर येत. आल्यावर जेवत आणि तसेच झोपत. त्यांच्याशी बोलायचं ते रविवारी, तोही मिळाला तर. त्याच सुमारास क्वार्टरांमधल्या बायकांना निरोप आला, की जवानांसाठी स्वेटर विणायचे आहेत, लोकर बंगल्यावर मिळेल. बंगला म्हणजे कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांचा. आठवड्यातून एका दुपारी बायका त्यांच्या व्हरांड्यात जमायच्या. आत्याला विणकाम चांगलं येत होतं. आईला येत नव्हतं, कोकणात लोकरीचं काय काम? पण ओळीतल्या सगळ्या बायका जात होत्या म्हणून तीही गेली, आणि लोकरीच्या लडी सोडवून गुंडे करत बसली. माझी शाळा सकाळची, म्हणून मीही बरोबर असायची.

त्या व्हरांड्यात गेरू-चुन्यानं रंगवलेल्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. बाटलीसारखं पोट सुटलेला एक पाम होता, पंख्यासारख्या पानांचा दुसरा होता. रंगीत क्रोटन होते, नेचे होते, भोकं पडलेल्या मोठाल्या पानांची एक वेल काठीवर चढवलेली होती. आणि पायऱ्यांच्या शेवटी, मानाच्या जागी, माशाच्या शेपटीसारख्या पानांचं एक झाड होतं. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. आत्यानं तिला कोपरानं ढोसलं. पण तोवर साहेबांच्या बाईंनी पाहिलं होतं.

बाई पंजाबकडच्या होत्या. उंच, केस पांढरे व्हायला लागलेले, बोलणं शांत. त्यांना सगळे मेमसाब म्हणत.

"क्या हुआ? हँस क्यों रही हो?" त्यांनी विचारलं.

आईची हिंदी तेव्हा फार मोडकी होती. ती म्हणाली, "हमारे उधर ये जंगल में होता है, मेमसाब. डोंगर पे. इसको भेर्ली माड बोलते. कोई लाता नहीं, अपने आप आता है."

व्हरांड्यातल्या सुया थांबल्या. आत्यानं मान खाली घातली. मेमसाब मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली आणि विचारलं, तिकडं हे किती उंच वाढतं, थंडीत पानं पिवळी पडतात का, खाली पाणी साचलेलं चालतं का. ते झाड त्यांनी कलकत्त्याहून आणवलं होतं आणि गेल्या दोन हिवाळ्यांत त्याची शेंडी करपली होती. आईला कोकणातल्या डोंगरावरचं झाड माहीत होतं, कुंडीतलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं. तरी त्या दुपारी तिनं लोकर थोडीच सोडवली. सगळा वेळ मेमसाब तिला एकेक कुंडी दाखवत फिरल्या.

परत येताना आत्या म्हणाली, "वहिनी, साहेबाच्या घरात जाऊन त्यांच्या झाडाला जंगली काहून म्हटलं तुम्ही?"

"मग काय म्हणू? जंगलीच आहे ते," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मामा आला. आईनं आधीच कळवून ठेवलं होतं, त्याप्रमाणं त्यानं करंडीतून पोफळीची तीन रोपं आणि कोंब आलेला एक नारळ आणला. मुळं केळीच्या सोपात गुंडाळून, वाटेत पाणी शिंपडत आणलेली. मामा चार दिवस राहिला आणि आमच्या क्वार्टरच्या मागची जागा पाहून म्हणाला, "ताई, हा तर निव्वळ मुरूम आहे. इथं काय रुजणार?"

मुरूम खरा होता. आमच्या बाजूला कुदळ मारली की खणकन आवाज येई, मधेच काळा दगड लागे. पण मोरीचं पाणी जिथून बाहेर पडत होतं तिथं, वर्षानुवर्षं पाणी मुरून, जमीन मऊ झाली होती. आईला तीच जागा हवी होती. कोकणात पोफळींना न्हाणीचंच पाणी जातं, ती म्हणाली. तिनं आणि मामानं तिथं खड्डे घेतले, शेण-माती भरली, आणि झाडं लावली.

आत्याला हे समजत नव्हतं. "संत्र्याचं झाड लावा, पेरू लावा," ती म्हणे. "काहून जीव लावून राहिल्या त्या काडीला? सुपारी तर बाजारात मिळते."

"बाजारात मिळते ती बाजारातली," आई म्हणायची.

पहिल्याच उन्हाळ्यात पोफळीचं एक रोप गेलं. जबलपूरची लू, उन्हाळ्यातला तो जळता वारा, कोकणातल्या झाडाला कशी सोसणार? आईनं उरलेल्या दोघांभोवती आणि माडाभोवती बांबू रोवून त्यांवर पोती बांधली आणि दुपारी ती पोती भिजवत राहिली. हिवाळ्यात, रात्री दंव गोठून पाला पडेल असं वाटलं की जुनी गोधडी त्यांच्यावर टाकायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची. मोरीत साबण जास्त वापरला तर ती आम्हाला बोलत असे. वडील आंघोळीला बसले की ती बाहेरून ओरडून सांगे, "पाणी जरा हळू सोडा हो, मुळं उघडी पडतात." वडील हळू सोडत.

झाडं जगली. वाढायला लागली तशी ओळीतली माणसं बघायला येऊ लागली. आईला याचं नवल वाटे. माणसं येत, हिरवागार गुळगुळीत दांडा आणि वर डुलणारी पानं बघत, आणि म्हणत, "भाभीजी, बड़ा सुंदर पाम है. कहाँ से मँगवाया?" सुपारीचं झाड आहे म्हटलं तर त्यांना खरं वाटायचं नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या बंगाली बाईंना तेवढं माहीत होतं. एकदा स्टोअरमधले एक बाबू लग्नाच्या कमानीसाठी पानं मागायला आले तेव्हा आईनं त्यांना खालची वाळायला आलेली झावळी दिली. ते नाराज होऊन गेले. त्यांना हिरवी हवी होती.

मेमसाबही एका संध्याकाळी आल्या. साहेबांची बाई चालत क्वार्टरांच्या ओळीत आली म्हणून घराघरांतून माणसं डोकावली. आत्यानं घाईघाईनं खुर्चीवर चादर टाकली. पण मेमसाब आत बसल्याच नाहीत. त्या सरळ मागे मोरीजवळ गेल्या आणि साडी वर धरून, चिखलात उभ्या राहून झाडांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक मुझे दोगी?"

आई म्हणाली, "फल आने दो, मेमसाब. फिर बीज से रोप करके देती."

त्या हसल्या आणि "अच्छा" म्हणून गेल्या. त्या गेल्यावर आत्या चिडली. "इतकी मोठी बाई मागून राहिली आणि तुम्ही बीज दाखवता?"

"दोनच तर आहेत," आई म्हणाली.

मग पाकिस्तानची लढाई आली. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. सायकलच्या दिव्याला अर्धा रंग लावला. संध्याकाळी शिपाई ओळीतून फिरत आणि फट दिसली की ओरडत, "बत्ती!" आमचा कारखाना म्हणजे बॉम्ब टाकायची जागाच, असं सगळे म्हणत. बॉम्ब काही पडला नाही, पण तेव्हा कुणाला माहीत होतं? वडील दोन-दोन पाळ्या सलग करत. हाताला तेलाचा वास आणि कानांत यंत्राचा आवाज घेऊन येत, त्यामुळं घरातही मोठ्यानं बोलत.

त्यातच हुकूम निघाला, की प्रत्येक क्वार्टरमागे खंदक खणायचा. भोंगा झाला की त्यात उतरून बसायचं. मजुरांची टोळी एका टोकापासून खणत आली आणि एका सकाळी आमच्या मागच्या दारात पोचली. टोळीचा जमादार वयस्क माणूस होता. त्यानं मागची सगळी जागा पहारीनं ठोकून पाहिली. इथं दगड, तिथं दगड. ठोकत ठोकत तो मोरीपाशी आला आणि पहार आत गेली.

"यहीं खुदेगा," तो म्हणाला. "पेड़ हटाने पड़ेंगे."

आई दारात उभी होती. पुढं झाली ती आत्या. तिनं पदर खोचला आणि ती पोफळी आणि जमादार यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

"भैया, ये पेड़ नहीं कटेंगे. दो साल से बच्चे जैसा पाला है हमने," ती म्हणाली. 'हमने' ऐकून मी आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता.

"दीदी, मेरे को क्या दुश्मनी है पेड़ से?" जमादार म्हणाला. "ऊपर से ऑर्डर है. बम गिरेगा तो पेड़ के पीछे छुपोगे क्या?"

"उधर खोदो. दीवार के पास."

"उधर पत्थर है. सुरंग लगानी पड़ेगी."

बराच वेळ असं चाललं. शेवटी त्यानं पुढच्या क्वार्टरचं काम आधी घेतो म्हणून सांगितलं. उद्या येईन, तोवर काय करायचं ते करा. टोळी गेल्यावर आत्या उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. आई तिला म्हणाली, "वन्सं, उठा. चहा करते."

दुपारी वडील दोन पाळ्यांच्या मध्ये जेवायला आले. आईनं त्यांना सांगितलं. त्यांनी मागे जाऊन जागा पाहिली, स्वतः पहार घेऊन दोन-तीन ठिकाणी ठोकली, आणि परत येऊन ताटावर बसले.

"तिथंच खणावा लागेल," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल. पण पोरीला कुठं लपवणार?"

एवढंच बोलणं झालं. वडील परत गेले. आईनं लुगडं बदललं आणि मला घेऊन ती बंगल्यावर गेली. मेमसाब व्हरांड्यात होत्या. त्यांच्यासमोर पाण्याचं भांडं होतं आणि ओल्या फडक्यानं त्या एकेक पान पुसत होत्या. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि त्या वेळी आघाडीवर होता. त्यांचं माहेरही सरहद्दीजवळच्या गावात. दोन्हीकडून कितीतरी दिवस खबर नव्हती. हे ओळीत सगळ्यांना माहीत होतं. आईनं त्याबद्दल विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"मेमसाब, आपने पेड़ माँगा था," आई म्हणाली. "अभी ले लो. कल वहाँ खंदक खुदेगा."

मेमसाबनी फडकं खाली ठेवलं. "दोनों?"

"एक. दूसरा मैं देखती."

ऊन उतरल्यावर बंगल्याचा माळी आणि एक ठेला आला. आई, आत्या, माळी, तिघांनी मिळून खणायला सुरुवात केली. पोफळीची मुळं बारीक आणि दाट असतात. आई म्हणत होती की मातीचा गोळा मोठा राखा, मुळं सुटू देऊ नका. गोळा ओल्या पोत्यात बांधला, पानं वर सुतळीनं आवळली, आणि पहिली पोफळ ठेल्यावर आडवी घातली. आत्या तिच्या शेंड्याला हात लावून ठेल्याबरोबर बंगल्यापर्यंत चालत गेली, वाटेत कुठं घासू नये म्हणून.

दुसरीसाठी वडिलांच्या एका सोबत्यानं भंगारवाल्याकडून लोखंडी ड्रम आणून दिला. त्याला खाली भोकं पाडून त्यात ती लावली आणि पुढच्या दाराशी ठेवली.

राहिला माड. तो तोवर माझ्या डोक्याच्या वर गेला होता, खाली गुडघ्याएवढा बुंधा झाला होता. तो उपटून ठेवायला ना जागा होती ना ड्रम. आई म्हणाली, तोडूया. माळी कोयता घेऊन आला, पण आईनं कोयता स्वतः घेतला. आधी झावळ्या काढल्या. मग बुंध्याचे सोप एकेक करून सोलत गेली. आत पांढरा, ओलसर, मनगटाहून जाड गाभा निघाला. तिनं तो ताटात घेतला, विळीवर त्याच्या चकत्या केल्या, आणि मला म्हणाली, "जा, दोन्ही बाजूंच्या घरांत देऊन ये."

मी वाटत गेले. कुणालाच ते काय आहे माहीत नव्हतं. बंगाली बाईंनी ओळखलं आणि माड तोडला म्हणून कपाळाला हात लावला. गाभा नारळासारखाच लागतो, पण कोवळा, काकडीसारखा कुरकुरीत आणि गोड. जमादार शेजारच्या क्वार्टरमागे काम संपवत होता, त्यालाही आईनं पाठवला. त्यानं खाऊन विचारलं, "ये कौन सा फल है?" मी सांगितलं की फळ नाही, जे झाड सकाळी तोडायचं होतं त्याचाच गाभा आहे. त्यानं हातातली उरलेली चकती माथ्याला लावली आणि मग खाल्ली.

संध्याकाळी काळ्या कागदाआड कंदील लावून आम्ही जेवलो. वडिलांसाठी वाटीत गाभा ठेवला होता. त्यांनी तो उभ्यानंच खाल्ला. "चांगला आहे," ते म्हणाले. आत्यानं खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी खंदक झाला. भोंगा झाला तेव्हा आम्ही त्यात एक-दोनदा बसलो. मोरीचं पाणी दुसरीकडं वळवलं होतं तरी तळाशी ओल राहायची आणि बेडूक यायचे. आत्या बॉम्बपेक्षा बेडकांना घाबरायची. लढाई थांबली, काळे कागद बरेच दिवस तसेच राहिले, आणि पुढच्या वर्षी कधीतरी लोकांनी आपापले खंदक राख आणि केरकचरा टाकून भरून घेतले.

मेमसाबच्या मुलाची खबर लढाई थांबल्यावर आली. तो जखमी होता पण बरा होता. त्यांच्या माहेरचं घर पडलं होतं, माणसं आधीच निघून गेली होती. हे आईला त्यांनी स्वतः सांगितलं, झाडाजवळ उभं राहून.

झाड तोवर लागलं होतं. सुरुवातीला त्याची खालची पानं गळली, पण शेंड्याचा कोंब हिरवा राहिला. बंगल्याची माती आणलेली, भुसभुशीत. माळी दोन वेळा पाणी घाली, भिंतीमुळं लू लागत नसे. मेमसाबनी त्याच्याभोवती विटांचं गोल आळं करून त्याला चुना दिला होता. आईला तो चुना आवडला नव्हता. "पोफळ आहे, दीपमाळ नव्हे," ती घरी येऊन म्हणाली. पण दर आठवड्याला ती जायची. विणकाम कधीच संपलं होतं, तरी जायची. दोघी व्हरांड्यात बसत. मी कधी बरोबर गेले तर पाहायची, की त्या फारसं बोलत नसत. आईची हिंदी सुधारली होती, तरीही नसत. समोर हिरवळीवर झाड, त्याची पानं वाऱ्यानं हलताहेत, आणि या दोघी बघताहेत. घरी आईला मी नुसतं बसून काही बघताना पाहिलं नव्हतं.

हळूहळू ती इतर कुंड्यांतही लक्ष घालायला लागली. भेर्ली माडाची शेंडी थंडीत का करपते ते तिलाही कळलं नाही. मग दोघींनी मिळून हिवाळ्याभर त्याला व्हरांड्याच्या आत घेऊन ठेवलं, आणि त्या वर्षी तो करपला नाही. आई आनंदानं घरी सांगत आली. आत्यानं फक्त भुवया वर केल्या. जंगली झाडाबद्दल ती काही बोलली नाही.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. सामान बांधलं जात असताना मेमसाबनी आईला बोलावून बाटलीच्या पोटाचा पाम आणि भोकं पडलेल्या पानांची वेल दिली. बाकीच्या कुंड्या इकडेतिकडे वाटल्या. जमिनीतली पोफळ अर्थातच तिथंच राहिली. निघताना त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि पंजाबीत काहीतरी म्हणाल्या. आईला ते कळलं नाही, आणि विचारायचंही तिला बरं वाटलं नाही.

नवे साहेब आले. त्यांच्या बाईंना झाडांची हौस नव्हती, आणि आई न बोलावता जाणारी नव्हती. मधे एकदा माळी सायकलवरून आला आणि म्हणाला, "भाभीजी, आपके पेड़ में कुछ निकला है." आई लगेच गेली. झाडाला पोय फुटली होती. पिवळसर पांढऱ्या तुऱ्यांचा झुपका, पहिल्या विरीच्या, पानाच्या बुडाच्या रुंद सोपाच्या, खाली. नव्या बाई बाहेर आल्या, त्यांनी कोण म्हणून विचारलं. आईनं सांगितलं. "अच्छा, इसमें फल भी आता है?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. फळं धरली, पण बोराएवढी होऊन गळाली. पुढच्या वर्षीही तसंच झालं. माळी येऊन सांगायचा, आई ऐकून घ्यायची. नंतर माळीही बदलला.

ड्रममधली पोफळ आमच्याकडे होती. ती जगली, पण वाढायची थांबली. वर्षाला एखादं पान काढी. तिची खरी काळजी आत्या घेई. संध्याकाळी पानांवर पाणी मारणं, उन्हाळ्यात पोती भिजवणं, सगळं तिनं स्वतःकडं घेतलं होतं. आईला त्यात फारसं लक्ष नव्हतं. ती आता आमच्या व्हरांड्यात मांडलेल्या कुंड्यांत रमली होती. रद्दी देऊन क्रोटनच्या फांद्या आणायची, नर्सरीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायची, जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारातून येताना पिशवीत भाजीऐवजी एखादं रोप असायचं. एकदा तिनं पंख्याच्या पानांचा पाम आणला तेव्हा वडिलांनी विचारलं, "याला काय येतं?"

"काही नाही येत," आई म्हणाली. "दिसतो बरा."

बांगलादेशाची लढाई झाली तेव्हा मी कॉलेजात होते. पुन्हा काळे कागद, पुन्हा दोन-दोन पाळ्या. ती थोडक्यात आटपली. आमच्या ओळीत त्या वेळी खंदक झाले की नाही ते मला आठवत नाही. लोकर आली होती हे आठवतं, कारण तोवर आई विणायला शिकली होती आणि आत्याची नजर कमी झाली होती, म्हणून आत्या गुंडे करून द्यायची.

वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. शहरात गढ्याकडं दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, पुढं थोडं अंगण. सामान न्यायला मेटाडोर आला. कुंड्या चढवल्या, मग ड्रम उचलायला दोघे जण वाकले. ड्रम हलला नाही. खालचा पत्रा गंजून गेला होता आणि मुळं भोकांतून मुरुमात शिरली होती. ओढला असता तर सगळं तुटलं असतं. आत्या म्हणाली, "खोदून काढा, मी थांबते इथं." वडिलांनी मेटाडोरवाल्याकडं पाहिलं, त्यानं घड्याळाकडं.

आई म्हणाली, "राहू द्या, वन्सं. आता ती तिथली झाली."

क्वार्टरमध्ये येणारी बाई बिहारकडची होती. नवरा नव्यानं लागलेला, कडेवर मूल. ती आधीच येऊन खोल्या बघत फिरत होती. आईनं तिला दाराशी बोलावलं आणि सांगितलं, की हे झाड सुपारीचं आहे, उन्हाळ्यात पोती बांधावी लागतात, साबणाचं पाणी घालू नका. बाईनं मान डोलावली. तिचं लक्ष नळाकडं होतं, पाणी किती वाजता येतं ते तिला हवं होतं. आत्यानं तेही सांगितलं, आणि मागच्या दाराची कडी कशी अडकते तेही दाखवलं.

मग आम्ही मेटाडोरमध्ये बसलो. पुढच्या सीटवर आत्या, वेलीची कुंडी मांडीवर घेऊन. तिची पानं इतकी मोठी होती की ड्रायव्हरला आरसा दिसेना. तो म्हणाला, "दीदी, ज़रा इधर करो." आत्यानं सगळी पानं एका हातानं आवळून छातीशी धरली, आणि घर येईपर्यंत ती तशीच बसून होती.